वीस वर्षे चालेल असा चरखा

महागडी मोटार घेणारा माणूस पेट्रोल की डिझेल, ताकद किती, वेग किती, इथून सुरुवात करतो. देखभालीचा खर्च आणि सुटे भाग यांची चौकशी बहुधा शेवटी होते, कधी कधी तर पहिले मोठे बिल हातात पडल्यावर. जुलै 1929 मध्ये गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने एका यंत्रासाठी जाहिरात काढली, तिच्यात मात्र हे शेवटचे प्रश्न वेगासोबतच, अटी म्हणून घातलेले होते. यंत्र होते सुधारित चरखा आणि बक्षीस होते एक लाख रुपये.

चरखा हलका हवा, सहज हलवता यावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा. एखाद्या बाईला तो आठ तास फार न दमता चालवता यावा. तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचे (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक) 16,000 फूट सूत निघावे. किंमत 150 रुपयांच्या आत, आणि यंत्र भारतात तयार होण्याजोगे. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान 20 वर्षे न थांबता चालावे आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये. यंत्रे 30 ऑक्टोबर 1930 पर्यंत साबरमतीला पोचायची होती.

या अटी किती कडक होत्या ते हिशेबाने कळते. आठ तासांत 16,000 फूट म्हणजे तासाला 2,000 फूट. चांगली कातणारी बाई साध्या चरख्यावर तासाला तीन-चारशे यार्ड, म्हणजे नऊशे ते बाराशे फूट काढते. मागणी जवळपास दुपटीची होती. मधला 16 नंबर धरला तर दर इंचाला सुमारे 16 पीळ लागतात. 2,000 फुटांचे 24,000 इंच आणि त्यांचे 3,84,000 पीळ. एकाच चात्याकडून, म्हणजे सूत पिळणाऱ्या सळीकडून, हे करून घ्यायचे तर ते मिनिटाला सरासरी 6,400 वेळा फिरले पाहिजे. पेट्रोलच्या मोटारीचे इंजिन एवढ्या फेऱ्यांना ओरडू लागते. इथे ताकद देणारा होता माणसाचा एक हात किंवा पाय, आणि मोकळ्या हाताला पिंजलेल्या कापसाचा पेळू सांभाळायचा होता.

किमतीचेही तसेच. कातणारीची दिवसाची कमाई दोन आणे धरली, तर 150 रुपये म्हणजे तिची 1,200 दिवसांची मजुरी. देखभालीचे 5 टक्के म्हणजे साडेसात रुपये, अर्थात 60 दिवसांची मजुरी. ही मर्यादा ओलांडणारे यंत्र कितीही वेगवान असले तरी कातणारीला कर्जातच ढकलणार होते. म्हणून टिकाऊपणाची अट वेगाच्या अटीइतकीच महत्त्वाची होती.

बक्षीस कोणालाच मिळाले नाही. किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर बंधूंनी नांगर आणि चरक बनवून नाव कमावले होते. त्यांच्या कारखान्यानेही चरखा करून पाहिला, पण परीक्षकांच्या सगळ्या कसोट्यांना तो उतरला नाही. तोपर्यंत चरख्याची खरी प्रयोगशाळा वर्ध्याच्या आसपास उभी राहू लागली होती. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे काम सुरू झाले. 1936 मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले. विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावशी टपालाची गफलत होत असे, म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. पुढे तिथे खादी विद्यालय चालले. त्याआधी, 30 डिसेंबर 1938 रोजी, गांधीजींनी मगनवाडीत मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. कोणते यंत्र कशासाठी, हा प्रश्न या परिसरात रोज हाताने तपासला जात होता.

पर्याय भरपूर होते. सगळ्यांत साधी टकळी. एक तार, खाली चकती, वर नाक. बिघडायला तिच्यात काही नाहीच. तार वाकली तर मांडीवर ठेवून सरळ करावी. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि त्यातून हातकामातून शिकवणारी नयी तालीम पुढे आली, तेव्हा मुलांच्या हाती पहिली टकळीच गेली. वेग मात्र कमी, आणि पोट भरण्यासाठी कातायचे तर ती पुरत नाही. विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत सुतावर मिळणाऱ्या मजुरीतच भागवण्याचा प्रयोग केला, त्यातून कातण्याच्या कामाची आणि मजुरीचीही मर्यादा त्यांना अनुभवाने कळली.

टकळी आणि चरखा यांच्यामध्ये धनुष टकळी बसते. ती सेवाग्रामात रूढ करणारा माणूस पोलंडचा इंजिनिअर होता, मॉरिस फ्रीडमन, आश्रमातले नाव भारतानंद.  धनुष टकळीत चाते आडवे असते आणि चाकाऐवजी हातातल्या धनुष्याच्या घर्षणाने ते फिरते. बांबू, तार आणि थोडे सुतारकाम एवढ्यावर ती घरी तयार होते.

पेटी चरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात घडवत नेला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणत. मोठ्या चाकावरची माळ लहान चाकाला फिरवते, लहान चाकावरची माळ चात्याला. दोन टप्प्यांत वेग वाढल्यामुळे भलेमोठे चाक लागत नाही आणि सगळे मिटून पेटीत बसते. विदर्भात चांदा जिल्ह्यातल्या सावलीच्या खादी केंद्राच्या नावाचा सावली चरखाही चालत असे. मगन चरख्याला पायाची गती आणि दोन चाती. दोन्ही हात मोकळे, एकेका हातात एकेक धागा. कागदावर उत्पादन दुप्पट, पण डाव्या आणि उजव्या हाताला सारखे कसब आल्याशिवाय एका बाजूचे सूत तुटत राहते.

या सगळ्यांचे दुखणे बहुतेक एकाच ठिकाणी, चात्यात आणि माळेत. चाते केसभर वाकले की टोक थरथरते आणि सूत तुटते. पावसाळ्यात दमट हवेने माळ ताणली जाते, कोरड्या हवेत सैल पडून घसरते. तिला राळ लावावी, चाते हलक्या ठोक्याने सरळ करावे, चाते धरणाऱ्या मोढियात तेल सोडावे. हे सारे चरखा चालवणारीलाच जमते. फार तर गावच्या सुताराची गाठ घ्यावी लागते.

अंबर चरख्याने हे गणित बदलले. तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी तो 1949 च्या सुमारास तयार केला. गिरणीचे तंत्र त्यांनी घरात बसेल एवढे लहान केले. वेगवेगळ्या गतीच्या रुळांमधून पेळू ओढला जाऊन बारीक होतो, कडीवर फिरणारा तारेचा तुकडा त्याला पीळ देतो आणि सूत आपोआप गुंडाळले जाते. एका हँडलवर चार चाती. बोटांतले कसब यंत्रात गेले आणि कातणारीकडे तुटलेला धागा जोडण्याचे काम उरले. 1955 मध्ये दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या समितीने कापडाच्या वाढत्या गरजेसाठी अंबरवर मोठी भिस्त ठेवली. अमर्त्य सेन यांनी तंत्रनिवडीवरच्या 1960 च्या पुस्तकात याच चरख्याचा हिशेब मांडला.

अंबर वेगात जिंकला, पण वाटलेले कितीतरी अंबर कोपऱ्यात पडून राहिले. दात झिजलेले चक्र किंवा रुळावरचे फाटलेले रबर सुताराच्या रंध्याने दुरुस्त होत नाही. शिवाय रुळांना एकसारखा पेळू लागतो. टकळीवर गाठाळ पेळू बोटांनी सांभाळून घेता येतो, रुळाला ते कळत नाही. म्हणून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाला पेळूचे मध्यवर्ती कारखाने उभारावे लागले, आणि दूरवरच्या कारखान्यातून माल आला नाही की धडधाकट चरखाही थांबतो. आता सौर चरखे आले. मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था अशा यंत्रांवर काम करते. पाय आणि हात सुटले, आणि बिघडू शकणाऱ्यांच्या यादीत मोटर आणि बॅटरी आल्या.

मग घ्यावे कोणते? सप्टेंबर 1944 मध्ये सेवाग्रामच्या बैठकीत गांधीजींनी चरखा संघाला विक्रीच्या खादीकडून गावाच्या स्वावलंबनाकडे वळायला सांगितले, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. स्वतःच्या कपड्यापुरते कातायचे असेल तर धनुष टकळी किंवा पेटी चरखा पुरतो. त्यांचा कमी वेग अडत नाही आणि दुरुस्ती घरातच होते. कातण्यावर संसार चालवायचा असेल तर अनेक चात्यांचे यंत्र लागणारच, पण ते एकट्यादुकट्या घरात देणे म्हणजे बंद पडायला देणे. पाच-पंचवीस यंत्रे एकत्र, शिकलेला मिस्त्री आणि पेळूचा साठा जवळ असेल तरच ते पैसे फेडते.

म्हणून यंत्र भरवशाचे आहे की नाही, हे एकट्या यंत्राकडे पाहून ठरवता येत नाही. बिघाड झाल्यापासून चाक पुन्हा फिरेपर्यंत किती दिवस गेले आणि त्या दिवसांची मजुरी कोणाची बुडाली, हे मोजावे लागते. आजही योजनेच्या पत्रकावर चात्यांची संख्या ठळक असते. तिच्याखाली 1929 च्या दोन अटी, 20 वर्षे आणि 5 टक्के, छापाव्यात. आणि एक तिसरी जोडावी: सुटा भाग कुठे मिळेल आणि किती दिवसांत.