‘फाइन’ या विशेषणाचा अर्थ

‘फाइन’ म्हणजे ‘छान’, एवढेच आपण पाठ करितो. परंतु तेवढ्याने पुष्कळदा अर्थाचा घात होतो. आमचे नांदेड पूर्वी ‘फाइन’ मलमलीविषयी प्रसिद्ध होते. तेथे ‘छान मलमल’ असे भाषांतर केल्यास विणकराचे खरे कसब झाकले जाते. ‘तलम’ हाच शब्द हवा. लातूरच्या गिरणीतील बारीक पीठही इंग्रजीत ‘फाइन’च, आणि निरभ्र दिवसही ‘फाइन’. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट. शेवटास नेलेले काम ते उत्कृष्ट. तंटा शेवटास नेण्याकरिता द्यावयाचे द्रव्य तो दंड. मात्र दंडवाचक ‘फाइन’ हे नाम होय. म्हणून विद्यार्थ्यांनी आधी विशेष्य पाहावे, मग विशेषणाचा अर्थ करावा, एवढीच आमची सूचना.