वारा आरपार, लहर माघारी

पिरंगुटच्या घाटात रात्री गाडी थांबवून पूर्वेकडे पाहिलं, तर आकाशाआधी पुण्याचा उजेडच डोळ्यांत भरतो. आपल्या दिव्यांनी ताऱ्यांचा अभ्यास बिघडतो, हे गाऱ्हाणं जुनं. उलटा हिशेब अलीकडचा. २०२२ साली तुलूझच्या संशोधकांनी दुर्बिणी आणि अवकाशयानं उभारण्या-चालवण्याचा कर्बभार मोजला. जगातल्या दर खगोलशास्त्रज्ञामागे तो वर्षाला साधारण ३६ टन निघाला. त्यात परिषदांचा विमानप्रवास धरलेलाच नाही.

म्हणजे मोठा वाटा यंत्रांचा. आणि यंत्र हलकं कसं करावं, हे पुणे जिल्ह्यानं केव्हाच दाखवलंय. पर्यावरणाच्या काळजीनं नव्हे, खिसा बेताचा होता म्हणून.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला पहिली रेडिओ दुर्बीण मांडली, ती सिडनीजवळच्या पॉट्स हिलवर वापरून झालेल्या ३२ तबकड्यांची. पुढे पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या. त्यांत पत्रा नाही. बारीक तारेची जाळी पोलादी दोरांवर ताणून बसवलेली, बाज विणावी तशी. रेडिओ लहर जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लांब, त्यामुळे तिला ती अखंड आरशासारखीच. वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा रेटा कमी, म्हणून सांगाडा हलका आणि लोखंडही कमी.

काटकसरीचा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. २०१० ते २०१२ दरम्यान खोडदहून १५० मेगाहर्ट्झवर टिपलेल्या आकाशाच्या नोंदी ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीनं पुन्हा चाळल्या. २०१७ मध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोतांची यादी हाती आली, एकही तबकडी नव्यानं न फिरवता. अर्थात संगणकाची वीजही फुकट नसते, आणि आपल्याकडे ती बरीचशी कोळशाचीच.

परिषदांचं गणित त्या मानानं सोपं. युरोपीय खगोलशास्त्रज्ञांच्या २०१९ च्या लियाँमधल्या मेळाव्याचा भार १८५५ टन भरला. पुढच्या वर्षी करोनामुळे तो ऑनलाइन झाला आणि आकडा हजारो पटींनी उतरला. चहाच्या टेबलावरच्या गप्पा तेवढ्या बुडाल्या.

आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे; केंद्रानं २०२३ मध्ये तिला २६०० कोटी मंजूर केले. तिथं चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या लागतात. तिथं वारा आरपार सोडून चालत नाही.