घोड्यांची हगवण व प्रतिजैविक औषधांचा वापर

बारामती व इंदापूर तालुक्यांत टांग्याचा घोडा आता दिसेनासा झाला आहे. परंतु धनगर बांधवांच्या वाड्यावर घोडीचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही. दिवाळीनंतर मेंढरे कोकणाच्या वाटेला लागली म्हणजे बिऱ्हाड, नवजात कोकरे व प्रसंगी लहान मुले यांचा भार भीमथडी घोडीच्या पाठीवर असतो. ती वाटेत आजारी पडली तर सर्व तळच अडून बसतो.

गेल्या हंगामात इंदापूर तालुक्यातील एका वाड्यावर जाण्याचा योग आला. तेथे नऊ दिवसांचे शिंगरू पातळ हगत होते. घोडी विल्यानंतर सात ते चौदा दिवसांच्या सुमारास शिंगराला अशी साधी हगवण पुष्कळदा लागते. ते अंगी खेळकर असून दूध पीत असेल तर ती बहुधा आपोआप थांबते. परंतु मालकाने काळजीपोटी माणसांच्या कॅपसूल दुकानातून आणून पाजल्या होत्या. दोन दिवसांनी शिंगराने दूध सोडले व पुढे ते दगावले. ते केवळ औषधामुळेच गेले असे मी म्हणणार नाही. मी पशुवैद्य नव्हे. तथापि ते औषध देण्याचे कारण नव्हते, एवढे खरे.

घोड्याचा चारा मुख्यतः मोठ्या आतड्यातील उपयुक्त जंतूंच्या साहाय्याने पचतो. प्रतिजैविक औषध रोगजंतूंबरोबर या जंतूंनाही मारते. मग साल्मोनेला किंवा क्लॉस्ट्रिडियम यांसारख्या जंतूंना मोकळे रान मिळून मूळ दुखण्याहून भयंकर हगवण लागते. लिंकोमायसिन हे औषध तर घोड्याला प्राणघातक ठरू शकते.

दुसरा धोका सावकाश येतो. अपुऱ्या मात्रेने अथवा वारंवार दिलेल्या औषधातून जे जंतू वाचतात, ते त्या औषधाला दाद देत नाहीत व हा गुण इतर जंतूंनाही देऊ शकतात. साल्मोनेला माणसालाही होतो. लीद उचलणाऱ्या गृहिणीला व पोरांना तो प्रथम गाठतो. अशाच काळजीने केंद्र शासनाने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध अन्नोत्पादक जनावरांत व कोंबड्यांत वापरण्यास बंदी केली.

हगवण लागलेले जनावर वेगळे बांधावे. एका बादलीत स्वच्छ पाणी व दुसरीत थोडे मीठ घातलेले पाणी समोर ठेवावे. पाणी कमी पडूनच पुष्कळ जनावरे मरतात. लीद पाणवठ्यापासून दूर खड्ड्यात टाकावी, हात साबणाने धुवावेत. शिंगराला जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच चीक मिळाला पाहिजे, ही गोष्ट तर अनेकजण विसरतात.

ताप, लाल-जांभळ्या हिरड्या, थंड पडलेले पाय, रक्तमिश्रित लीद अथवा खुरांची असाधारण उष्णता दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. औषध सुरू करण्यापूर्वी ताज्या लिदीचा नमुना स्वच्छ झाकणाच्या बाटलीत घेऊन बर्फावर ठेवावा. पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे तो डॉक्टरांमार्फत तपासणीस पाठविता येतो. साल्मोनेलाचे जंतू लिदीतून नेहमीच पडत नसल्याने एकाच नमुन्यावर निर्धास्त राहू नये. डॉक्टर सांगतील तितके नमुने द्यावेत.