कागद कोरा, पण क्रमांक कोणता?

मुंबई : न्हावा शेवा बंदरात उतरणारे कागदाचे रीळ दिसायला एकसारखे असले, तरी सीमाशुल्क खात्याच्या लेखी ते एकसारखे नसतात. कागद कोणत्या लगद्याचा, त्यावर लेप कशाचा आणि वजन किती, यावरून त्याचा वर्गीकरण क्रमांक ठरतो आणि क्रमांकावरून शुल्क. हा क्रमांक चुकल्यास माल विकून झाल्यानंतरही आयातदाराला फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागू शकते.

सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या पहिल्या परिशिष्टातील ४८ वे प्रकरण कागदाचे आहे. क्रमांकाचे पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीनुसार ठरतात. भारतात त्यांना आणखी दोन अंक जोडले जातात. व्यापारी ज्याला 'स्पेशालिटी पेपर' म्हणतात, त्या नावाचे शीर्ष मात्र या प्रकरणात नाही. त्यामुळे बीजकावरील नावापेक्षा कागदाची घडण महत्त्वाची ठरते.

खडबडीतपणाही मोजला जातो

वृत्तपत्राच्या कागदाचेच उदाहरण घेता येईल. ४८०१ या शीर्षात बसण्यासाठी कागदावर लेप नसावा, त्यातील किमान ५० टक्के तंतू यांत्रिक किंवा रासायनिक-यांत्रिक प्रक्रियेने काढलेल्या लाकडी लगद्याचे असावेत आणि वजन प्रति चौरस मीटर ४० ते ६५ ग्रॅम असावे. पृष्ठभागाचा खडबडीतपणा दोन्ही बाजूंनी अडीच मायक्रोमीटरपेक्षा अधिक हवा. कागद याहून गुळगुळीत असला, तर तो वृत्तपत्रासाठी आणलेला असूनही या शीर्षाबाहेर जातो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्राच्या कागदावर दहा टक्के सीमाशुल्क लागू झाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच टक्क्यांवर आणले गेले. तोवर शुल्क शून्य होते, तर ४८ व्या प्रकरणातील बहुतेक कागदांवर दहा टक्के.

लेप दिलेल्या कागदांत गुंतागुंत वाढते. चिनी मातीसारख्या अजैविक पदार्थाचा लेप असलेला आर्ट पेपर ४८१० मध्ये जातो, तर प्लास्टिक, मेण वा सिलिकॉनचा लेप असलेला ४८११ मध्ये. बेकरीत वापरला जाणारा ग्रीसप्रूफ कागद ४८०६ चा. पण सिलिकॉनच्या लेपामुळे तो ४८११ च्याही वर्णनात बसू लागला, तर यादीत शेवटी येणारे शीर्ष लागू होते. प्लास्टिकचा थर एकूण जाडीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर त्या वस्तूची गणना कागदात न होता प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात होते. प्रकाशसंवेदी फोटो पेपर ३७०३ मध्ये, कागदी साबण ३४०१ मध्ये आणि सँडपेपर ६८०५ मध्ये मोडतो.

जबाबदारी आयातदाराची

२०११ पासून शुल्काची स्वयं-आकारणी आयातदारानेच 'बिल ऑफ एंट्री'त करायची आहे. शंका आल्यास खाते नमुना प्रयोगशाळेकडे पाठवते. तोवर माल अडकला, तर बंदरातील भाडे वाढत राहते. कमी भरलेल्या शुल्काची मागणी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत करता येते. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे किंवा माहिती दडवल्याचे सिद्ध झाल्यास ही मुदत पाच वर्षांची होते आणि शुल्काइतका दंडही होऊ शकतो. प्रामाणिक मतभेद आणि लबाडी यांतील सीमारेषा म्हणूनच कळीची ठरते.

कागदाची मोठी आयात 'इतर' या मोघम क्रमांकांखाली होत असल्याचे कारण देत केंद्राने ऑक्टोबर २०२२ पासून २०१ क्रमांकांखालील आयातीला पूर्वनोंदणी बंधनकारक केली.

वाद टाळण्याचा एक मार्ग कायद्यातच आहे. मुंबई व दिल्ली येथे २०२१ पासून कार्यरत असलेल्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे माल मागवण्यापूर्वीच वर्गीकरणाविषयी विचारणा करता येते. तीन महिन्यांत निर्णय देण्याची तरतूद असून, तो अर्जदार आणि खाते या दोघांवरही बंधनकारक असतो. अर्जासोबत कागदाची रचना, लेप आणि वजन यांचा निर्मात्याकडून घेतलेला तांत्रिक तपशील जोडला, तर कंटेनर बंदरात येण्याआधीच क्रमांकाचा प्रश्न निकालात निघू शकतो.