सोवळे सुटले, ओवी राहिली

चातुर्मास लागला की आपल्या खानदेशात घरोघरी काही ना काही सोडण्याचा नेम धरला जातो. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे वर्ज्य करतो. नेम चांगलाच; परंतु जिभेची सवय मोडणे त्यामानाने सोपे, मनाची सवय मोडणे महाकठीण. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाला आवरण्याचे अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय भगवंतांनी सांगितले आहेत. नित्याच्या अभ्यासाने चांगले वळण लागते, तसेच नित्याच्या आचरणाने निरर्थक रूढीही अंगी मुरते आणि पुढे तीच धर्म वाटू लागते.

याचा मोठा बोलका दाखला ख्रिस्ती झालेल्या एका मराठी माउलीच्या चरित्रात सापडतो. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर नाशिकजवळील जलालपूरचे. वडिलांच्या कडक सोवळ्याने सारे घर जेरीस आलेले. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी चूल व पाणी यांचे सोवळे त्यांनी कसोशीने पाळले. टिळकांनीही बळजबरी केली नाही.

मग बाईंनी स्वतःच्या मनालाच प्रश्न विचारला : हे जातिभेद देवाने केले की माणसाने? उत्तर मिळताच त्यांनी जन्माचे सोवळे सोडले. आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम ध्यानी घ्यावा. आधी सवयीची गाठ सुटली, मग श्रद्धेला वाट मिळाली. पुढे त्याच घरात जात न पाहता निराधार लेकरे वाढली. आपल्या धरणगावचे बालकवी ठोमरे हेही नगरास त्यांच्याच छायेत राहिले.

मात्र या दांपत्याने जुने ते सारेच टाकले नाही. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ही संतांची वाट ख्रिस्तभक्तीसाठी चालविली. तुकोबांचे ऋण ते मोकळेपणाने मान्य करीत. १९१९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. फारसे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीचे भूषणच ठरली.

सज्जनहो, त्यांचा पंथ आपला नव्हे. परंतु त्यांनी लावलेली कसोटी आपल्याही घरची आहे. जे आचरण माणसाला माणसापासून दूर करते, ते कितीही जुने असो, सोडावे. जे देवाकडे नेते, ते जपावे. नाथांनीही पैठणास हेच आचरून दाखविले. यंदाच्या चातुर्मासात ताटातील वांग्याबरोबर मनातला एखादा विटाळही सोडून पाहावा. कार्तिकी एकादशीनंतर वांगे पुन्हा ताटात आले तरी हरकत नाही. विटाळ मात्र परतू देऊ नये.