आखाती स्थलांतर: व्हिसाची किंमत आणि ती देणारा

आखाती देशांत नोकरीस जावयाचे तर एकंदर खर्च किती येतो, हा प्रश्न इचलकरंजीसारख्या उद्योगनगरीत अनेकदा कानी पडतो. तो खर्च कायद्याने कोणी सोसावयाचा आणि वस्तुतः कोण सोसतो, हा दुसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे. व्हिसा, कर्ज, करार आणि तेथील रीतिरिवाज या वरवर निराळ्या भासणाऱ्या बाबी त्याच प्रश्नाशी निगडित आहेत, असे आमचे मत आहे.

आखाताशी आपल्या प्रांताचा संबंध तेलापासून सुरू झाला, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. बुशहर येथील ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. आखातातील मोत्यांना गिऱ्हाईक मुंबईच्या बाजारात मिळे, आणि त्या किनाऱ्यावर चलन चाले ते रुपयाचेच. सोन्याच्या चोरट्या आयातीस आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये केवळ आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये व बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन सुरू केले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतार व दुबई यांनीही त्याची साथ सोडली. ओमानने ती १९७० पर्यंत निभावली. पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि बांधकामाची लाट आली, तेव्हा व्यवहाराची दिशा पालटली. रुपया तिकडून परतला आणि त्याच्यामागे गेलेला मजूर दिरहम व रियाल इकडे धाडू लागला. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कित्येक गावांचे अर्थकारण त्या काळापासून या रकमांवर उभे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशांतून येणाऱ्या रकमांपैकी २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा, तर १९.७ टक्के केरळचा आढळला. अर्थात या वाट्यात केवळ आखाती मजुराचा पैसा नाही. रकमा धाडणाऱ्या देशांत अमेरिका आता संयुक्त अरब अमिरातींच्या पुढे गेली आहे.

इचलकरंजीचा अनुभव याच्या उलट आहे. १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून हे गाव माणसे बाहेर धाडणारे नसून बाहेरची माणसे आत घेणारे राहिले आहे. सोलापूर व कर्नाटक सीमेपासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतचे कामगार येथे मागावर उभे आहेत. अशा गावातील तरुण मंदीच्या काळात आखाताकडे पाहू लागतो, तेव्हा त्याने एक गोष्ट आधी ध्यानी घ्यावी. आखातात विणकामाचा नाव घेण्याजोगा धंदा नाही. मागाच्या जॉबरने दहा वर्षांत कमावलेले कसब तेथे कोणी मोलाने घेत नाही. तो वीजतंत्री किंवा चालक म्हणून पात्र ठरला तर ठीक, अन्यथा त्याची भरती साध्या मदतनिसाच्या वेतनावर होते.

मजुरीच्या व्यवहारातील कर्जाचे स्थान मात्र या भागातील वाचकास निराळे समजावून सांगावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील उसाच्या फडांत बीडकडून येणारा तोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेऊन येतो आणि ती फिटेपर्यंत मुकादमाशी बांधला जातो. आखाती व्यवहारात पैशाची दिशा उलटी असते: काम देणारा उचल देत नाही, काम मागणाराच कामासाठी पैसे मोजतो. दिशा उलटली तरी बांधले जाणे टळत नाही. किंबहुना येथे दोन गाठी पडतात, एक गावच्या सावकाराची व दुसरी तेथील प्रायोजकाची.

ही दुसरी गाठ म्हणजे कफाला पद्धती. परदेशी कामगाराचा प्रवेश, वास्तव्य आणि काम या तिन्ही गोष्टींचा भार एका स्थानिक मालकावर, अर्थात कफीलावर, टाकावयाचा हे तिचे मूलसूत्र. व्हिसा मिळतो तो कफीलाच्या नावे. सौदी अरेबियातील इकामा हे वास्तव्यपत्र त्याच्यामार्फत निघते. आणि कामगार कामावरून निघून गेल्याची नोंद कफीलाने केली, म्हणजे तेथील भाषेत हुरूब लावला, की त्याचे वास्तव्य बेकायदा ठरू शकते. या पद्धतीत अलीकडे बदल झाले आहेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र रद्द केले व मार्च २०२१ पासून दरमहा १,००० रियाल किमान वेतन ठरविले. सौदी अरेबियाने त्याच महिन्यात एक वर्षाच्या सेवेनंतर मालक बदलण्याची मुभा दिली. परंतु घरकामगार, खाजगी चालक, माळी व शेतमजूर यांना तीतून वगळले. याउलट कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना देश सोडताना मालकाची अनुमती आवश्यक केली. यास्तव ‘आखातातील नियम’ असे एकवचनी बोलणे धोक्याचे आहे.

आता भारतीय कायद्याकडे वळू. मळ्यांवरील मजूर डोळ्यांसमोर ठेवून केलेला १९२२ चा कायदा जाऊन त्याच्या जागी १९८३ चा उत्प्रवास कायदा आला. त्यान्वये दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस साधारणतः ज्या पारपत्रावर उत्प्रवास तपासणी आवश्यक असते असे पारपत्र मिळते, आणि आखाती सहकार्य परिषदेचे सहाही देश धरून एकूण अठरा देशांत नोकरीस जाताना तिला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाख रुपयांचे अपघाती संरक्षण अनिवार्य आहे. २०१७ च्या दराने दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये ठेवला होता. येथे एक विसंगती दिसते. दहावी अनुत्तीर्ण कामगाराचा करार शासन तपासते. दहावी उत्तीर्ण झालेल्या, परंतु तेच काम करावयास निघालेल्या त्याच्या भावाचा करार तपासण्याची सक्ती नाही. ज्ञानाने तो स्वतःचे रक्षण करील असे कायद्याने गृहीत धरले आहे. पर्यटक व्हिसावर नेऊन ‘तिकडे गेल्यावर बदलून देतो’ असे सांगणारा दलाल या दोघांनाही फसवू शकतो. पैकी पहिला या मार्गाने गेला तर त्याने शासनाचे संरक्षणही गमावलेले असते.

खर्चाचा मुद्दा असा. नोंदणीकृत भरती अभिकर्त्यास कामगाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ३५,४०० रुपये, घेता येतात. तिकडे संयुक्त अरब अमिरातींचा २०२१ चा कामगार कायदा म्हणतो की भरतीचा कोणताही खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे वसूल करू नये, आणि सौदी कायदाही भरती, इकामा व परतीचे तिकीट यांचा भार मालकावर ठेवतो. एकाच व्यवहारात एका देशाचा कायदा शून्य सांगतो, दुसऱ्याचा मर्यादित रक्कम सांगतो, आणि दलाल या दोहोंकडे दुर्लक्ष करून आपला भाव सांगतो.

हा फरक किती निर्णायक आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका कामगाराचे वेतन १,२०० दिरहम. हिशेबाच्या सोयीसाठी दिरहमाचा भाव २४ रुपये धरू. राहण्याची सोय मालकाची. जेवण व किरकोळ खर्च ४०० दिरहम. शिल्लक १९,२०० रुपये. पैकी १०,००० घरी धाडले तर कर्जफेडीस ९,२०० उरतात. त्याने दलालास दीड लाख रुपये दिले असतील आणि ते दरमहा शेकडा ३ व्याजाने उचलले असतील, तर कर्ज फिटण्यास तेवीस महिने लागतात. करार बहुधा दोन वर्षांचा असतो, म्हणजे संपूर्ण करार कर्जातच संपला. कायदेशीर मर्यादेतील ३५,४०० रुपयेच दिले असते, तर तेच कर्ज पाचव्या महिन्यात फिटले असते. वेतन तेच, मालक तोच, ऊन तेच. केवळ आरंभीच्या रकमेने दीड वर्षाचे श्रम गिळले. तेवीस महिने ज्याच्या डोक्यावर व्याज आहे, तो मालक बदलण्याचा कायदेशीर हक्क असूनही तो बजावीत नाही. कफाल्यातील सुधारणा कागदावर का राहतात, याचे एक उत्तर अशा प्रकारे गावच्या व्याजदरात सापडते.

यावर कोणी म्हणेल की रुपया घसरतो त्याचा लाभ कामगारास होतोच. दिरहम १९९७ पासून ३.६७२५ या दराने व सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ या दराने डॉलरशी जखडलेला असल्याने हे खरे आहे. रुपयातील कर्ज त्यामुळे हलके होते. परंतु घसरण वर्षास काही टक्के असते, आणि सावकाराचे व्याज छत्तीस टक्के.

कुटुंब नेण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी गणित आणखी निराळे आहे. अमिरातींत त्यासाठी ४,००० दिरहम, अथवा निवासासह ३,००० दिरहम वेतन लागते. सौदी अरेबियात जुलै २०२० पासून प्रत्येक अवलंबितामागे दरमहा ४०० रियाल शुल्क आहे. वेतनावर प्राप्तिकर नाही म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हे शुल्क आणि तेथील १५ टक्के मूल्यवर्धित कर अवश्य मोजावा. प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाबाबतही देशपरत्वे भेद आहे: ओमान, बहारीन व सौदी अरेबिया यांस अपोस्टिल चालते, अमिराती, कतार व कुवेत यांसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

रीतिरिवाजांविषयी लिहिताना उपदेशाचा मोह होतो. तो टाळून आपल्या माणसाला जेथे नकळत ठेच लागते तेवढेच सांगतो. पहिली ठेच सामानात असते. घरून प्रेमाने बांधून दिलेल्या कांदा-लसूण चटणीत खसखस असते, दिवाळीच्या अनारशावर तर ती उघडच दिसते. आणि खसखस ही अफूच्या झाडाचे बी म्हणून अमिराती व सौदी अरेबियात निषिद्ध आहे. कोडीन वा ट्रामाडोल असलेली औषधे हीही तशीच. वैद्याची चिठ्ठी जवळ असली तरी पूर्वपरवानगीचा नियम पाहावा. मावा-गुटख्याची सवय येथेच सोडलेली बरी. दुसरी ठेच सद्भावनेतून लागते. सहकारी आजारी पडला की चौघांत वर्गणी काढावी, गणपतीसाठी पावतीपुस्तक फिरवावे, हा आपला सहज धर्म. अमिरातींत परवान्याशिवाय निधी गोळा करणे २०२१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेथील महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव करतात ते नियमांच्या चौकटीत राहूनच. दुबईत जेबेल अली येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये व अबू धाबीत फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठी मंदिरे उघडली. मनामा येथील श्रीनाथजींचे मंदिर तर त्याहून फार जुने. सौदी अरेबियात मात्र इस्लामेतर सार्वजनिक उपासनेस वाव नाही. रमजानात दिवसा चारचौघांत खाणेपिणे कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्याने दंडनीय आहे. मद्य कुवेत व शारजा येथे पूर्णतः वर्ज्य आहे. रागाच्या भरात भ्रमणध्वनीवर धाडलेला अपशब्द अमिरातींत तुरुंगापर्यंत नेऊ शकतो, हे आपल्याकडील मोकळ्या बोलीच्या माणसाने विशेष लक्षात ठेवावे.

कामाच्या वेळेविषयी थोडे. अमिरातींत जानेवारी २०२२ पासून शासकीय सुटी शनिवार-रविवार व शुक्रवारी अर्धा दिवस अशी आहे, सौदीत शुक्रवार-शनिवार. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ या वेळेत उघड्यावर काम घेण्यास अमिरातींत मनाई आहे.

शेवटी कराराच्या कागदाविषयी. त्यावर एकूण वेतनाजवळ मूळ वेतनाचा निराळा आकडा असतो, आणि तो वाचल्याविना सही करणारेच अधिक. अमिरातींत सेवासमाप्तीचे उपदान, किमान एक वर्ष सेवा झाल्यास, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके मिळते. वरील उदाहरणातील १,२०० दिरहमांपैकी मूळ वेतन ६०० च लिहिले असेल, तर दोन वर्षांचे उपदान ८४० दिरहम होते. पूर्ण १,२०० मूळ असते, तर १,६८०. निघण्यापूर्वी या कागदाची एक प्रत घरच्या माणसाजवळ ठेवावी, आणि दलालास दिलेला प्रत्येक रुपया बँकेमार्फत द्यावा. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर पुरावा म्हणून हे दोनच कागद हाती असतात.