डॉक्टरेटचा ताळेबंद

जबलपूर येथे १९५६ साली स्थापन झालेले विद्यापीठ आज राणी दुर्गावती विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. १९६४ मध्ये तेथे कृषी विद्यापीठही आले. त्यामुळे शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेक मुलामुलींना पीएच.डी.साठी गाव सोडावे लागत नाही. घरी राहून शिकायचे तर खर्च तो कसला, अशी पालकांची समजूत असते. ती अपुरी आहे.

शुल्क, प्रबंधाची छपाई व बांधणी हा खर्च त्यामानाने किरकोळ. मोठा खर्च कोणत्याही पावतीवर उमटत नाही. तो न मिळालेल्या पगाराचा असतो. एम.कॉम. झालेल्या मुलीने दरमहा २५,००० रुपयांची नोकरी सोडून पाच वर्षे संशोधनास दिली, तर वेतनवाढ न धरताही १५ लाख रुपये तिने त्यात गुंतवले. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती हाती असल्यास मात्र चित्र पालटते. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये, म्हणजे पाच वर्षांत २४ लाख होतात. नेट परीक्षेतील चार-दोन गुणांना एवढे मोल क्वचितच कुठे येत असेल!

छात्रवृत्ती नसेल तर कर्जाचा विचार पुढे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही तो चुकला नाही. दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या अटीवर बडोद्याची छात्रवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. पुढे तिची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, स्नेही नवल भथेना यांच्याकडून उसना घेतला आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. त्यांचा तेथील प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावर होता.

स्नेह्याच्या उसन्यास व्याज नसेलही; शैक्षणिक कर्जास असते. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून. एकरकमी उचललेल्या ४ लाखांवर दहा टक्क्यांनी सरळव्याज धरले तरी पाच वर्षांत २ लाख होतात. शिवाय मार्गदर्शक निवृत्त झाले वा विषय बदलला, की वर्षे वाढतात.

परताव्याचे गणितही बदलले आहे. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. अनिवार्य राहिली नाही. नेट वा सेट पुरते. मात्र २०१८ च्या नियमावलीत पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असलेल्यास चार व नसलेल्यास सहा वर्षे ठरवली गेली, आणि सहयोगी प्राध्यापकपदासाठी ती पदवी आवश्यकच ठेवली. तेव्हा कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी नेटचा आणखी एक प्रयत्न करून पाहणे केव्हाही स्वस्त पडते.